खंडेनवमीचं तेल

आप्पा,

दुपार आहे. तुमचा लेक, अण्णा, जेवून पडलाय आणि मी मागच्या दारी पाट टाकून लिहायला बसलेय. तुम्हाला जाऊन वीस वर्षं होऊन गेली. इतक्या वर्षांत तुमच्याशी बोलावंसं वाटलं नाही असं नाही, पण आपल्या घराची रीतच अशी की जे बोलायचं ते सोडून बाकी सगळं बोलायचं. गवारीला कीड लागली, शेजारची म्हैस व्याली, नळाला पाणी आलं नाही. शाळेत मी जन्मभर पोरांवर ओरडत आले, 'तोंड उघड, स्पष्ट बोल' म्हणून, आणि घरात पाऊल टाकलं की माझंच तोंड बंद. तुम्ही शपथ घातली होती आणि मी ती पाळली. आज मला तुमचा राग आलाय, म्हणून लिहितेय. एक प्रश्नही विचारायचा आहे, पण तो मागाहून.

मला तुमचं शेड आठवतं. हायवेला, काकतीच्या अलीकडं, पत्र्याचं, उन्हाळ्यात आत उभं राहवत नसे असं. बाहेर लॉऱ्यांची रांग, आत तुम्ही ब्रेकला नवीन लायनर मारताय, कानसीनं घासताय, आणि त्याची राखाडी धूळ तुमच्या भुवयांवर, डब्यातल्या भाकरीवर, माझ्या वेणीवर. त्या धुळीनं पुढं तुमच्या छातीचं काय केलं ते आपण बघितलंच. तेव्हा कोण विचार करत होतं! एखादा ड्रायव्हर म्हणाला, 'एवढ्या खेपेपुरतं चालवून घ्या की मालक,' तर तुम्ही हातातला हातोडा खाली न ठेवता त्याची आईबहीण काढायचा. 'ब्रेकशी खोटं बोलून चालत न्हाय' हे तुमचं पालुपद. एकदा जेवताना तुम्ही ऐटीत म्हणालात, 'ब्रेक आणि बायको, दोघांशी खोटं बोलू न्हाय,' आणि आई वाढता वाढता म्हणाली, 'मग माझ्याशी कशाला बोलतासा दररोज?' अण्णाला हसता हसता ठसका लागला. त्या घरात हसत होते लोक, आप्पा. हे मला मुद्दाम आठवावं लागतं.

मग ती गाडी आली. निपाणीच्या तंबाखूवाल्यांच्या मुलानं कुठूनशी आणलेली, परदेशी, दोनच माणसं बसतील अशी, लालभडक आणि इतकी बुटकी की आई म्हणाली, 'ह्येच्यात बसायचं का निजायचं?' अण्णा त्यांच्या लॉऱ्या चालवायचा. त्याचा हात बघून धाकट्या मालकानं ती गाडी त्याच्या स्वाधीन केली. मालकाला गाडी असण्याची हौस, अण्णाला ती चालवण्याची, त्यामुळं दोघांचं बरं जमलं. सत्तरचं दशक सरत आलं होतं. तिकडं खाली दक्षिणेत, युद्धाच्या काळातल्या एका पडीक धावपट्टीवर मोटारींच्या शर्यती होत. तिथं दसऱ्यानंतर उतरायचं असं दोघांनी ठरवलं आणि ब्रेकचं काय करायचं ते विचारायला तुमच्याकडं आले.

आपल्या कट्ट्यावर चहा पिता पिता झालेलं ते भांडण मला शब्दन् शब्द पाठ आहे. पुढच्या चाकांच्या डिस्क झिजून पातळ झाल्या होत्या. मालकानं परदेशी मासिकातला फोटो आणला होता, भोकंभोकं पाडलेल्या डिस्कचा. त्याला तशाच हव्या होत्या. तुम्ही फोटो हातात घेतला, लांब धरून बघितला आणि परत दिला. म्हणालात, 'वजन कमी हुतंय, वाराबी लागतोय, सगळं खरं. पण तापून गार, तापून गार झालं की भोकापास्नं चीर जाती. माझं पोरगं बसणार हाय आत. मी चाळण बसवणार न्हाय.' म्हणून जाड, बिनभोकाच्या, उद्यमबागेतल्या फौंड्रीत ओतून घ्यायच्या ठरल्या. मग डिस्कला दोन्ही बाजूंनी चिमटून धरणाऱ्या पॅडचा वाद. अण्णाला मऊ पॅड हवे होते, पाय ठेवला की लगेच धरणारे. 'पयल्या वळणालाच फुडं जायाचं असतंय आप्पा.' तुम्ही उखडलात. 'मऊ पॅड चार वळणं दाबून मारलीस की धूर सोडंल आणि पाय नुसता आत जाईल. पयलं वळण जिकून शेवटच्याला मरायचं हाय व्हय रं?' शेवटी कडक पॅडच ठरले. आणि उठता उठता तुम्ही ते बोललात. 'गार असताना कमी धरतील. भिऊ नगंस. दोन वळणं जाऊ दे, तापू दे त्येंना, मग बघ.' ते मी ऐकलं, आईनं ऐकलं, बशीतून चहा पिणाऱ्या मालकानं ऐकलं. पुढं साऱ्या बेळगावानं ऐकलं.

ओतून आलेल्या डिस्क तुम्ही लगेच लेथवर घेतल्या नाहीत. गच्चीवर नेऊन टाकल्यात आणि महिनोन् महिने ऊनपाणी खाऊ दिलंत. ओतीव लोखंडाच्या पोटात ताण असतो, तो मुरून जाऊ द्यावा, नाहीतर तापल्यावर वाकडं होतं, असं म्हणायचा. शेजारी आईचे सांडगे वाळत. ती त्यांना 'तुमचे तवे' म्हणायची. 'अवो, तवे हलवा की जरा, माझ्या सांडग्यांस्नी सावली पडतीया.' कधी म्हणायची, 'एवढं मुरवून ठेवलंयसा, भाकरी तरी टाकू द्या एक.' तिच्या लेखी ते तवेच होते. त्यात हसण्यासारखं काही नव्हतं, हे मला फार उशिरा कळलं.

लेथवरून उतरल्यावर त्या डिस्क आरशासारख्या दिसायला लागल्या. तुम्ही स्वतः बसवल्यात, कडक पॅड घातलेत, आणि अण्णाला शेजारी बसवून काकतीच्या उतारावर नेऊन पुन्हा पुन्हा ब्रेक मारून पॅड डिस्कवर घासून नीट बसते करून आणलेत. परत आलात तेव्हा तुम्ही हसत होतात. 'धरतंय,' एवढंच म्हणालात. तुमच्या तोंडून आलेली ती सगळ्यात मोठी शाबासकी, आणि ती तुम्ही स्वतःलाच दिली होती.

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी अण्णानं गाडी धुऊन अंगणात लावली. सकाळी बघतो तर डिस्कवर तांबूस गंज. कोऱ्या लोखंडावर तो एका रात्रीत चढतो आणि एक ब्रेक मारला की पुसून जातो. हे तुम्हाला माहीत होतं, अण्णाला माहीत होतं. आईला कोण सांगणार? तुम्ही शेडवर हत्यारांची पूजा मांडायला गेला होता, अण्णा निपाणीहून येणारी लॉरी बघायला नाक्यावर. आणि तिचा तर नियमच होता, लोखंड तेलाशिवाय ठेवू नये. तवा घासला की तेलाचा हात, विळी धुतली की तेलाचा हात. त्यात खंडेनवमी. पोराची गाडी लांब निघालेली, आणि तिच्या तव्यांना गंज! तिनं चिंच आणि राख घेऊन तारेच्या चाकांतून बोटं आत घातली, डिस्क घासल्या, पुसल्या, आणि मग पितळी वाटीतल्या गोड्या तेलात कुंकू कालवून दोन्ही बाजूंनी चोळलं. बाळाला न्हाऊ घालताना चोळतात तसं, सावकाश. मी दारात झेंडूचं तोरण ओवत होते. डिस्क पुन्हा लखलखायला लागल्या तेव्हा आई म्हणाली, 'बघ, आता कशी दिसत्यात.' छानच दिसत होत्या.

दुपारी लॉरी आली, गाडी वर चढवली, ताडपत्री बांधली. अण्णा आईच्या पाया पडला, तिनं त्याच्या हातावर दही घातलं. तुम्ही शेडवरून धावत आलात तोवर लॉरी हलली होती. ताडपत्रीवर थाप मारून तुम्ही ओरडलात, 'दोन वळणं जाऊ दे रं!' त्यानं खिडकीतून हात काढला.

पुढचं धाकट्या मालकानं सांगितलं ते. वाटेत लॉरीच्या स्प्रिंगचा पाटा तुटला, पोचायला शर्यतीचा दिवस उजाडला, सराव झालाच नाही. सुरुवातीची सावकाश फेरी मारून अण्णा आला आणि म्हणाला, 'धरत न्हायत म्हणावं तसं. पण आप्पा म्हणालेत, गार असताना असंच असतंय.' आणि तो रांगेत जाऊन उभा राहिला. धावपट्टी संपते तिथं पहिलं वळण. बाकीच्या गाड्या वळल्या. अण्णाची सरळ गेली, वाळूनं भरलेल्या पिंपांवर.

माणूस वाचला. कंबरेखालचं गेलं.

मोडकी गाडी त्यांच्याच लॉरीनं शेडसमोर आणून टाकली. धाकटा मालक रडत होता. वाईट माणूस नव्हता तो, पण रडता रडता चारचौघांत बोलून गेला, 'मऊ पॅड घातले असते तर...' झालं. तेवढं पुरलं. दुसऱ्या दिवशी मी तुमचा डबा घेऊन आले तेव्हा शेडमध्ये कोणी नव्हतं, तुम्ही पॅड काढून हातात घेऊन बसला होता. वास घेत होता. मग तुम्ही स्टोव्ह पेटवला, सांडशीत पॅड धरून जाळावर नेलात, आणि त्या राखाडी पॅडमधून तेलाचे थेंब फुटून वर आले. गोडं तेल, आप्पा. शेडमध्ये तळणाचा वास सुटला. दिवाळी जवळ आलेली, घरोघरी कढया चढलेल्या, तसाच वास. पॅडच्या खोबणीत कुंकू होतं. तुम्ही मान वर न करता विचारलंत, 'घरात गाडीला त्याल कुणी लावलं?' मी पटकन बोलून गेले, 'आईनं की. गंज आलता तव्याला, म्हणून...' आणि तुमचा चेहरा बघून पुढचं गिळलं.

तुम्ही लॉरीच्या टायरवर बसलात. म्हणालात, 'अण्णाला भरवतंय कोण?'

'आई.'

'हागणंमुतणं कोण काढतंय?'

'आईच.'

'मग? त्येला कळलं तर तिच्या हातचं पाणी तरी घील का त्यो? आणि तिला कळलं तर हिरीत उडी घील ती.' तुम्ही धोतराच्या सोग्यानं तोंड पुसलंत. 'पॅड मी निवडलं. माझं चुकलं. तुझ्या तोंडातनं दुसरं काय निघालं तर माझं मेल्यालं त्वांड बघशील.' आणि सगळे पॅड शेडमागच्या विहिरीत टाकून आलात. डबा तसाच राहिला.

जो ब्रेकशी कधी खोटं बोलला नाही, तो माणूस त्या दिवसापासून बायकोशी खोटं बोलून जगला. आणि त्याचं फळ काय मिळालं? लॉऱ्यांची रांग आटली. वर्षानुवर्षांचा एक कानडी ड्रायव्हर शेडसमोर गाडी हळू करायचा, तुम्हाला बघायचा आणि 'ब्याड री, बरतेनि', नको, येतो म्हणत, पुढच्या गॅरेजला जायचा. पोराचा ब्रेक ज्याला जमला नाही त्याच्याकडं कोण येणार? शेड गेलं, तुम्ही उद्यमबागेत दुसऱ्याच्या लेथवर उभे राहिलात. आणि आई! भाकरी ताटात टाकताना म्हणायची, 'तुमच्या अकलेनं खाल्लं माझ्या पोराला.' एकदा नाही, दर आठपंधरा दिवसांनी. तुम्ही भाकरी मोडायचा, आमटीत बुडवायचा, खायचा. मी समोर बसलेली असायचे. तुमच्या शपथेची चीड यायची मला. आईची तर इतकी यायची की तिची वेणी घालताना हात आवरावा लागायचा.

पण त्याहून वाईट अण्णा. तो तुमच्याशी बोलणं टाकून बसला. तुम्ही खोलीत आलात की खुर्चीची चाकं फिरवून भिंतीकडं तोंड करायचा. दर खंडेनवमीला आई पितळी वाटीत गोडं तेल घ्यायची, कुंकू कालवायची आणि त्याच्या खुर्चीच्या चाकांना तसंच दोन्ही बाजूंनी चोळायची. 'माझ्या लेकराची आता हीच गाडी.' तुम्ही चौकटीला टेकून उभे. अण्णा मान वर करून तुमच्याकडं बघायचा, वर्षातून तेवढाच एकदा, आणि तुम्ही त्याच्याकडं. मग तो तोंड फिरवायचा. मला वाटायचं, किती द्वेष भरलाय ह्याच्या डोळ्यांत. मेल्याला एकदा सांगून टाकावं असं वाटायचं, आणि तुमची शपथ आठवायची.

छातीनं तुम्हाला गाठलं तेव्हा पंचाऐंशी साल उलटून गेलं होतं. बाजेवर उशांना टेकून श्वास ओढत होता, बोलणं बंद झालं होतं, डोळे मात्र दाराकडं. आईनं अण्णाची खुर्ची दारापर्यंत ढकलत आणली. 'बोल की रं एक शब्द. झालं गेलं. बाप हाय तुजा.' तो तुमच्याकडं बघत राहिला. त्याचे ओठ हलले असं मला वाटलं. मग त्यानं चाकं फिरवली. चाकं कुरकुरली नाहीत, तेल होतं ना. त्या दिवसापासून परवापर्यंत मी अण्णाला जेवायला वाढलं, धुतलं, पुसलं, पण मनातून त्याला माफ केलं नव्हतं.

आई गेल्या वर्षी गेली. शेवटपर्यंत तिला काही कळलं नाही. तिच्या वर्षश्राद्धाच्या दिवशी पानं उठल्यावर मी अण्णासमोर बसले. मनाशी म्हटलं, ज्यांच्यासाठी शपथ होती ती माणसं गेली, आता मी मोकळी. गेली कित्येक वर्षं मी ते बोलणं जपून ठेवलं होतं. ते ऐकून हा ढसाढसा रडेल, तुमच्या फोटोपुढं कपाळ आपटेल, आणि तुमची सुटका होईल, असं चित्र मी रंगवलं होतं. म्हणाले, 'अण्णा, पॅड चुकले नव्हते. डिस्कला तेल लागलं होतं. आईनं...'

'ठावं हाय मला,' तो म्हणाला.

'कधीपासून?' म्हटलं.

'वळणावर पाय दाबला तवाच वास आलता. गोड्या त्यालाचा. तवा तापल्यागत.' तो सुपारी कातरत होता, कातरतच राहिला. 'आईबिगर कोण लावणार?'

'आणि आप्पांना जन्मभर...' माझा आवाज चढला. 'बाप मरायला टेकला तरी एक शब्द बोलला न्हाईस तू!'

'बोललो असतो तर तेवढंच बोललो असतो गं. दुसरं काय हुतं माझ्या तोंडात? आणि आई तर कायम दाराआड उभी.' अडकित्ता थांबला. 'मला तिच्या हातचं खायाचं हुतं. रोज. दुसरं कोण हुतं मला? त्येंच्याजवळ बसलो असतो तर फुटलो असतो.'

'आप्पांना ठाऊक होतं ते तुला कळलं होतं?'

'आप्पा पॅड बघितल्याबिगर ऱ्हातील व्हय? त्येंनी त्वांड उघडलं न्हाय, तवाच कळलं.'

'मग एकदा डोळ्यानं तरी सांगायचं होतंस, मेल्या!'

'सांगत हुतो की,' अण्णा म्हणाला. 'दर खंडेनवमीला.'

तर आप्पा, प्रश्न हा आहे. चौकटीला टेकून उभे होता तेव्हा ते तुम्हाला कळलं होतं का? की मला दिसला तसाच तुम्हालाही त्यात द्वेष दिसला आणि तोच घेऊन तुम्ही गेलात? मी आठवून आठवून बघते. तुम्ही मान हलवली होती का? एकदा, शेवटच्या खंडेनवमीला, तुम्ही हलकेच हलवली होती असं वाटतं, पण तेव्हा तुम्हाला खोकला आला होता. काही सांगता येत नाही. आणि मला संताप येतो. दोघांनी मिळून एका बाईला वाचवलंत, बरं केलंत, पण त्यासाठी दोघंही एकमेकांना मुकलात. मी तुम्हा दोघांच्या मधे गप्प बसून भावाचा राग राग करत म्हातारी झाले. आपल्या घरात कुणीच वाईट नव्हतं, हेच मला सहन होत नाही.

हे कागद उद्या पाण्याच्या बंबात घालीन. अण्णाच्या हाती लागायला नकोत, तो हसेल, 'आता कुणाला धाडतीयास?' म्हणेल. तेवढं एक राहिलं सांगायचं. काल खंडेनवमी होती. आई नाही, म्हणून यंदा चाकांची पूजा माझ्याकडं आली. मी पितळी वाटी काढली, तेल ओतलं, कुंकू कालवलं आणि खुर्चीमागं जाऊन बसले. हात पुढं जाईना. चाकांना कोरडं कुंकू टेकवलं, झेंडूचं फूल खोवलं आणि वाटी तशीच उचलून आत नेऊन ठेवली. अण्णानं मान न वळवता विचारलं, 'त्याल लावलंस का गं? आईची रीत हाय.'

'लावलं की,' म्हटलं.

नव्हतं लावलं, आप्पा.